रोडग्याची घनता

भागिरथाबाईंचा रोडगा बुडाला, ही बातमी शाळा सुटायच्या आत गावभर झाली होती.

शाळेत विज्ञान शिकवणारी पौर्णिमा घरी पोचली तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे खुद्द भागिरथाबाई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. एरवी सून फाटकातून आत आली की त्या "आली का वं?" असं विचारत. ती आलेली समोर दिसत असतानाही विचारत. आज त्यांनी मान वर केली नाही. कोणत्या शेंगेत किती दाणे निघाले हे संध्याकाळपर्यंत सरकारला कळवायचं असावं, अशा एकाग्रतेने त्या सोलत राहिल्या.

सासरे शेषराव बाजेवर बसून होते. त्यांना मात्र बोलायचं होतं. बहुधा दुपारपासून बोलायचं होतं.

"सूनबाई, सासूले बुडवून आली म्हनतात लोकं."

"मी कुठे बुडवलं, मामाजी? पाण्यात सोडला तर तो आपोआप बुडाला. त्याची घनता एकाहून जास्त निघाली."

उत्तर अचूक होतं. अचूक उत्तर कुठे द्यायचं आणि कुठे गिळायचं, हे मात्र एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नसतं. भागिरथाबाईंनी शेंगांचं सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या.

ज्यांनी रोडगा खाल्लेला नाही त्यांना या प्रसंगाचं गांभीर्य कळणं अवघड आहे. जाडसर कणकेच्या छोट्या पोळ्या तेलाचा हात लावून एकावर एक रचायच्या, त्यांवर कणकेचंच आवरण घालून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख झटकून वरचं आवरण काढलं की आत एकेक पदर सुटलेला रोडगा निघतो. तो तुपात बुचकळायचा आणि झणझणीत वांग्याच्या भाजीशी खायचा. थंडीच्या दिवसांत कुणाचं काही चांगलं झालं, विहिरीला पाणी लागलं, पोरगं नोकरीला लागलं किंवा कोर्टातली जुनी केस एकदाची संपली, मग ती हरलेली का असेना, की शेतात रोडग्यांचं जेवण असतं. आणि या गावात जेवण ठरलं की यजमान आधी भागिरथाबाईंच्या दारात यायचा. कणीक किती घट्ट हवी, निखारा कधी सारायचा, हे त्या सांगायच्या. इंझोरी गावच्या लोकांनी त्यांना एकदा गाडी पाठवून नेलं होतं. ती गाडी सुरुवातीला ऑटो होती. सांगता सांगता गेल्या काही वर्षांत तिची जीप झाली होती.

येत्या रविवारी दौलतसिंगाच्या शेतात रोडगे होते. त्याचा मुलगा किशन तलाठी म्हणून लागला होता. सोमवार उजाडून मावळायला आला तरी दौलतसिंग भागिरथाबाईंच्या दारात आलेला नव्हता.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता नववीचा एक निरुपद्रवी प्रयोग. घरातली एक वस्तू आणा, तिचं वस्तुमान काढा, आकारमान काढा, भागाकार करा. पौर्णिमाच्या मते मुलांना पुस्तकातल्या लोखंडाच्या ठोकळ्यापेक्षा घरातलं लाटणं जवळचं वाटतं. हे खरंच आहे. पण लोखंडाच्या ठोकळ्याला सासू नसते, हा मुद्दा तिच्या लक्षात आला नव्हता.

पहिली अडचण तराजूची. शाळेच्या प्रयोगशाळेत एक तराजू होता, पण तो निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या, प्रस्तावात गेला होता. निर्लेखनात गेल्यामुळे तो दुरुस्त करता येत नव्हता, प्रस्ताव मंजूर न झाल्यामुळे फेकता येत नव्हता, आणि फेकलेला नसल्यामुळे नवा घेता येत नव्हता. "कागदावर आपल्याकडं तराजू आहे, मॅडम," हेडसर म्हणाले, "अन् कागदावरच्या तराजूनं जेवढं मोजता येईल तेवढं मोजा."

शेवटी किराणा दुकानदार पुंजाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. पुंजाजीच्या दोन अटी होत्या. काटा पाण्याजवळ न्यायचा नाही, आणि पुंजाजीशिवाय न्यायचा नाही. त्यामुळे नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर पुंजाजी काटा मांडीवर घेऊन बसला आणि प्रत्येक वस्तूचं वजन मोठ्याने सांगून वर भावही सांगू लागला.

वस्तू चांगल्या आल्या होत्या. बटाटा, कुलूप, लाटणं, खोबऱ्याची वाटी. एकाने आजोबांची कवळी आणली होती. आजोबांना ती जेवणाआधी परत हवी होती, म्हणून तिचा नंबर पहिला लावला. आदल्या दिवशी रविवार असल्याने दोन घरी रोडगे झाले होते. एक रोडगा आणला पल्लवीने, म्हणजे पौर्णिमाच्याच मुलीने. तो तिच्या आजीचा, भागिरथाबाईंचा. दुसरा आणला रंजीताने. तो तिच्या आजीचा, म्हणजे समोरच्या घरातल्या रुपाबाईंचा. रुपाबाईंचेही रोडगे चांगले असत, पण त्यांना कुणी गाडी पाठवली नव्हती.

रोडगा सच्छिद्र. तसाच पाण्यात सोडला तर पाणी पितो आणि मोजमाप चुकतं. म्हणून पौर्णिमाने दोन्ही रोडग्यांना पातळ पारदर्शक प्लास्टिकचं घट्ट वेष्टन घातलं. या खबरदारीचा तिला अभिमान वाटला. तिने ती मुलांना समजावूनही सांगितली. मग रंजीताचा रोडगा पाण्यात सोडला. तो डुलत डुलत वरच राहिला; आकारमानासाठी त्याला पेन्सिलीने दाबून पाण्याखाली न्यावं लागलं. पल्लवीचा सोडला, तो क्षणभर थांबला आणि सावकाश तळाला जाऊन बसला. तोटीच्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजलं गेलं, भागाकार झाले आणि फळ्यावर आकडे पडले. रंजीता : ०.९२. पल्लवी : १.०४.

"म्हंजे हलका कोनता, मॅडम?" पुंजाजीने मागून विचारलं.

"शून्य पूर्णांक ब्याण्णव. रुपाबाईंचा."

पुंजाजी काटा बगलेत मारून उठला. दुकान उघडायची वेळ झाली होती. बातमीची घनता काढायची सोय शाळेत नाही, पण ती हवेपेक्षा कमी असावी.

त्या दिवशी रात्री घरात भात-वरण होतं. दुसऱ्या दिवशीही भात-वरण. तिसऱ्या दिवशी पौर्णिमाचा नवरा रवी, जो रोज बसने वाशीमला ऑफिसात जातो आणि डब्यात पोळ्या नेतो, त्याने आईला भीतभीत विचारलं.

"माह्या हातची कनीक बुडते म्हनतात," भागिरथाबाई शांतपणे म्हणाल्या. "उगाच कोनाच्या पोटात बुडाली त? भात खा."

पोळ्या पौर्णिमानेही केल्या असत्या. पण कणकेचा डबा सासूबाईंनी वरच्या फळीवर ठेवला होता आणि त्याखाली त्या स्वतः बसल्या होत्या.

"तू आकडा बदलून टाक ना," रवीने खोलीत आल्यावर सुचवलं. "शून्य पॉइंट नव्वद कर. कोन पाह्यते?"

"आकडा असा बदलत नसतो."

"मंग भात खा," रवी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

इकडे पुंजाजीने दुकानासमोर पाण्याची बादली ठेवली होती. येणारी-जाणारी बाई पदराआडून एक रोडगा काढून बादलीत सोडायची, आणि तो वर राहिला तर पुंजाजीला आणि रस्त्यावरच्या इतर माणसांना दाखवून घरी जायची. बुडाला तर तो शेजारणीचा होता असं सांगायची. भिजलेले रोडगे पुंजाजीची म्हैस खात होती. दोनच दिवसांत तिचं दूध वाढलं असं पुंजाजीचं म्हणणं होतं. याचा प्रयोग पौर्णिमाने केलेला नाही.

"मॅडम, एक सांगू?" पुंजाजीने तिला साखर बांधून देताना आवाज खाली आणला. "पान्यात मीठ टाका. चांगलं दोन मुठी. तुमच्या सासूबाईचा बी तरंगन."

हा सल्ला नीतीच्या दृष्टीने लाजिरवाणा आणि विज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक होता. पौर्णिमा साखर घेऊन निघाली.

हेडसरांचा उत्साह तर आणखी वेगळा. त्यांनी फळ्याचा फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं : 'पारंपरिक पाककलेचे वैज्ञानिक मूल्यमापन, एक नवोपक्रम.' केंद्रप्रमुखांनी त्यावर अंगठा दाखवला होता. शेजारच्या गावातल्या एका सरांनी 'भागिरथाबाई म्हणजे इंझोरीला आल्या होत्या त्याच का?' असं विचारलं होतं, आणि हेडसरांनी 'होय' म्हणून हसरा चेहरा टाकला होता. म्हणजे आता तालुकाभर.

बुधवारी संध्याकाळी दौलतसिंग आला. भागिरथाबाईंनी पदर सारखा केला. पण दौलतसिंग फाटकाशीच थांबला, आणि त्याने हाक मारली ती पौर्णिमाला.

"मॅडम, तुमी शिकेल मानूस. रविवारी सव्वाशे पान उठनार आहे. तुमीच सांगा, रोडग्याले कोनाले बोलावू?"

समोरच्या घराच्या दारात रुपाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. घरातलं भांड्यांचं वाजणंही थांबलं. शेषराव बाजेवर उठून बसले. अशी करमणूक त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

"हे बघा, दौलतसिंगभाऊ," पौर्णिमा म्हणाली, "घनतेवरून चव ठरत नाही."

दौलतसिंगाने यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"मंग काढली कायले?"

पौर्णिमाच्या बारा वर्षांच्या नोकरीत नववीतल्या कुठल्याही मुलाने इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. दौलतसिंग "बरं, पाहातो मंग" म्हणून निघून गेला, आणि त्या रात्री भाताबरोबर वरणही पातळ होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत लवकर गेली. प्रयोगाचं सामान आवरायचं राहिलं होतं. प्लास्टिकची वेष्टनं तिने फेकली नव्हती. पुढच्या वर्गाला उपयोगी पडतील म्हणून खिडकीच्या गजाला चिमटे लावून अडकवली होती, आणि प्रत्येकावर नाव होतं. रंजीताचं वेष्टन काचेसारखं स्वच्छ होतं. पल्लवीच्या वेष्टनाला आतून पांढरे ओघळ होते. थंडीने गोठलेले. पौर्णिमाने बोटाने एक ओघळ खरवडला आणि वास घेतला.

तूप.

ती स्टुलावर बसली. भरपूर तूप. रोडग्याच्या पदरांमध्ये जी हवा असायला हवी होती तिथे तूप जाऊन बसलं होतं. आकारमान तेवढंच, वस्तुमान वाढलेलं. पाणी आत जाऊ नये म्हणून तिने एवढा बंदोबस्त केला, आणि जे आधीच आत होतं ते विचारायचं राहून गेलं. अशा चुकीसाठी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचेही गुण कापतात.

तिने मधल्या सुटीत दोघींना बोलावलं.

"आजीनंच बुचकळून देल्ला," पल्लवी म्हणाली. "दोनदा. मले म्हने, कोरडा कायले नेतं, तुह्या वर्गातले पोट्टे नावं ठेवतीन."

"आमच्या आजीनं कोरडाच देल्ला," रंजीता म्हणाली. "म्हने, पान्यात टाकाचा आहे त तूप कायले वाया घालू?"

म्हणजे एका आजीने प्रयोगाचा विचार केला होता आणि दुसरीने वर्गाचा. बुडाली ती दुसरी.

पौर्णिमा हेडसरांकडे गेली. ग्रुपवर दुरुस्ती टाकू या, म्हणाली. हेडसरांनी चष्मा काढला.

"केंद्रप्रमुखांनी अंगठा दाखवलाय, मॅडम. आता काय त्यांना तो मागं घ्यायला लावायचा? शुद्धिपत्रक काढायचं तर आधी मूळ परिपत्रक लागतं. आपण तर फोटो टाकला होता."

घरी येऊन तिने सगळं सासूबाईंना सांगितलं. भागिरथाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. मान खालीच.

"म्हंजे माह्या रोडग्यानं तूप जास्त पेलं म्हनून तो बुडाला."

"हो. आणि आत्याबाई, तूप आत गेलं कारण आत जागा होती. पदर नीट सुटले होते. गच्च झाला असता तर तूप वरच राहिलं असतं."

भागिरथाबाईंनी सोमवारनंतर पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं.

"हे फळ्यावर लिहेल होतं का?"

"नव्हतं."

"मंग रविवारी लोकायसमोर सांगजो. अन् निसतं सांगून भागत नाई. मोजून दाखवजो. दोघीचे कोरडे."

एवढं बोलून त्या उठल्या, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून रुपाबाईंच्या घरात शिरल्या. पौर्णिमा खिडकीशी उभी राहिली. आधी काही ऐकू आलं नाही. मग कपबश्या वाजल्या. मग दोन म्हाताऱ्या बायकांचं हसणं ऐकू आलं. पौर्णिमाला बरं वाटलं. वास्तविक तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

भागिरथाबाई परतल्या त्या एक अट घेऊन. "दौलतसिंग आमा दोघीले बी बोलावते. तसा निरोप धाडला त्याले. पन रुपाबाई म्हनते, मोजनाऱ्या बाईनं बी एक रोडगा कराव."

"मला रोडगे येत नाहीत, आत्याबाई. मी फक्त मोजते."

"बटाट्याले तरी कुठं काही येत होतं? तरी मोजला न त्याले."

त्या रात्री घरात पोळ्या झाल्या. रवीने एकही प्रश्न न विचारता सहा खाल्ल्या.

रविवारी दौलतसिंगाच्या शेतात सगळं गाव होतं. बैलांना पाणी पाजायचं सिमेंटचं टाकं घासून स्वच्छ भरलं होतं. पुंजाजी काटा घेऊन आला होता. शेतात तो पाण्याजवळ न्यायला त्याची हरकत नव्हती, कारण इथे गिऱ्हाइकं जास्त होती. हेडसर फोन चार्ज करून आले होते. किशन तलाठी, ज्याच्यासाठी हे सगळं होतं, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

पौर्णिमाने रोडगा केला. कणीक वजन करून घेतली, पाणी मोजपात्राने घातलं, पदर एकाच जाडीचे लाटले आणि गोळा वळताना तो चारी बाजूंनी सारखा होईल याची काळजी घेतली. इतका गोल रोडगा त्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. तो भूमितीच्या पुस्तकात छापता आला असता. "लय दाबू नको वं," एवढंच भागिरथाबाई म्हणाल्या, आणि तेही ती दाबून झाल्यावर.

मग निखारे पसरले गेले, रोडगे त्यात गेले, राखेखाली झाकले गेले. ते भाजले जात असताना पौर्णिमा टाक्याच्या कठड्याशी उभी राहिली आणि तिने मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा, तुपाची गोष्ट समजावून सांगितली. पल्लवीच्या रोडग्यात तूप होतं. तूप आत गेल्याने घनता वाढते. चूक माझी होती, आत्याबाईंची नव्हती. लोकांनी माना हलवल्या. पुंजाजीने मागच्यांसाठी ते पुन्हा सांगितलं, आणि त्यात गायीचं तूप व म्हशीचं तूप असा एक फरक स्वतःच्या पदरचा घातला.

दोन्ही बायांनी राख झटकत रोडगे बाहेर काढले. परातीत मोठा ढीग झाला.

"आता यातला एक आत्याबाईंचा द्या," पौर्णिमा म्हणाली, "आणि एक रुपाबाईंचा."

भागिरथाबाईंनी ढिगाकडे पाहिलं. रुपाबाईंनीही पाहिलं.

"कोनता माहा अन् कोनता हिचा, कसं सांगाव बाप्पा?" रुपाबाई म्हणाल्या. "एकाच निखाऱ्यात लोळले."

"पोट्टे वळखता येतात," भागिरथाबाई म्हणाल्या. "रोडगे नाई."

"पण वेगळे ठेवायचे ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं," दोघी एकदम म्हणाल्या, आणि कुठल्याही प्रकारचं दुःख न दाखवता राख झटकू लागल्या. पौर्णिमाला कपबश्यांचा आवाज आठवला.

दौलतसिंग पुढे आला. लोक जमले होते, टाकं भरलं होतं, काटा चालू होता. काहीतरी मोजलं जाणं भाग होतं. त्याने ढिगात हात घातला आणि एक रोडगा उचलला. तो ओळखायला कुणालाही अडचण नव्हती. चारी बाजूंनी सारखा होता.

"हा त मॅडमचा आहे न? मंग हाच मोजा."

पौर्णिमाने स्वतःच्या हाताने त्याला वेष्टन घातलं. काट्यावर ठेवला. टाक्यातलं पाणी निवळू दिलं, आणि सोडला.

पल्लवीचा रोडगा बुडण्याआधी क्षणभर थांबला तरी होता. हा थांबला नाही. रस्ता आधीच विचारून आल्यासारखा तो सरळ खाली गेला आणि टाक्याच्या तळाशी त्याचा 'टप्प' असा आवाज वरपर्यंत आला. मागे म्हैस हंबरली; ती पुंजाजीची होती की दुसऱ्या कुणाची, हे कळलं नाही. शेषरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तोटीच्या भांड्यात पुन्हा बुडवून आकारमान घेतलं, भागाकार केला. आकडा तिलाच वाचायचा होता. आकडा बदलत नसतो.

"एक पूर्णांक सव्वीस," पौर्णिमा म्हणाली.

हेडसरांनी फोन खाली घेतला. पुंजाजी तिच्या कानाशी लागून म्हणाला, "मीठ आनलं आहे, मॅडम. खिशात आहे."

भागिरथाबाई उठल्या. त्यांनी रोडगा हातात घेतला, वेष्टन सोडलं, अंगठ्याने तो फोडून पाहिला. तो फुटायला थोडा वेळ लागला. आतले पदर एकमेकांना असे धरून होते की त्यांना वेगळं करायला कोर्टात जावं लागलं असतं. रुपाबाईंनी वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. सगळं गाव भागिरथाबाईंच्या तोंडाकडे बघत होतं.

त्यांनी दोन्ही तुकडे आपल्या ताटात ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तूप जास्त झालं असंन."

लोकांनी माना हलवल्या. बरोबर आहे, तूप आत गेलं की घनता वाढते. मॅडमनी आत्ताच तर सांगितलं होतं. पंगत बसायला लागली. पौर्णिमा वळली आणि आंब्याखाली ठेवलेला तुपाचा डबा उचलून वाढायला निघाली. त्याचं सील अजून फोडायचं होतं.